भेगेत पडलेली गोटी

दोस्तांनो, तुमच्यापैकी कुणाची गोटी कधी जमिनीने गिळली आहे का? माझी गिळली आहे. काचेची हिरवी गोटी होती, आत पांढरी पट्टी असलेली. मी तेव्हा चौथीत होतो.

आमचं गाव चकलांबा, बीड जिल्ह्यातल्या गेवराई तालुक्यात. गावाभोवती काळं रान, त्यात कापूस, तूर, बाजरी. मे महिन्यात या रानाला अशा भेगा पडतात, की हात घातला तर खांद्यापर्यंत आत जावा. (तुम्ही घालू नका बरं का! विंचवांना आणि सापांना ती जागा फार आवडते.) आम्ही पोरं शेताच्या कडेला खेळत होतो. नेम चुकला, गोटी घरंगळत गेली आणि टुपकन् भेगेत पडली. काडीने टोकरून पाहिलं, तांब्याभर पाणी ओतून पाहिलं. गोटी काही वर आली नाही.

आजी म्हणाली, "आता पाऊस पडला की भुई तोंड मिटून घेती. मग काय सापडती!"

आणि खरंच तसं झालं. मृगाचे दोन-चार पाऊस पडले, ढेकळं फुगली, भेगा मिटल्या. भेग नेमकी कुठे होती तेही सांगता येईना. गोटीचं दुःख मी दोन दिवसांत विसरलो. पण दुसरंच एक कोडं डोक्यात बसलं. शेजारी एकाच्या घराचं बांधकाम चाललं होतं, तिथे वाळूचा ढीग होता. त्या ढिगावरही तोच पाऊस पडला होता. वाळू फुगली नव्हती. मग मातीच का फुगते?

"काळी हाय म्हनून," आजी म्हणाली. पण चुलीवरचा तवाही काळाच असतो. तो कुठे फुगतो?

या प्रश्नाचं धड उत्तर मिळायला मला बारा-तेरा वर्षं लागली. एम.एस्सी.ला असताना एका पुस्तकात ते सापडलं. आपल्या काळ्या मातीत एक चिकणमाती असते, तिचं नाव मॉन्टमोरिलोनाइट. ही चिकणमाती म्हणजे पापुद्र्यांची चवड. एकावर एक पापड रचून ठेवावेत तशी. फक्त एकेक पापुद्रा इतका पातळ, की एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले तर त्यातल्या एका भागाएवढा! पाऊस पडला की पाण्याचे रेणू दोन पापुद्र्यांच्या मधे शिरतात आणि त्यांना एकमेकांपासून दूर सारतात. अशा कोट्यवधी चवडी एकदम फुगतात, आणि शेत फुगतं. उन्हाळ्यात पाणी निघून जातं, चवडी आक्रसतात, शेताला तडे जातात. वाळूचं तसं नाही. वाळूच्या कणात अणूंनी चारी बाजूंनी एकमेकांचे हात घट्ट धरलेले असतात. पाण्याला आत शिरायला फटच नाही.

मला तेव्हा वाटलं, बघा काय गंमत आहे! शेतभर पसरलेली भेग, पण तिचं कारण लपलंय कुठे, तर कुणाच्याही डोळ्यांना न दिसणाऱ्या पापुद्र्यांमधे. गेली पंचवीसहून अधिक वर्षं मी हेच काम करतो. पदार्थ असे का वागतात, याची कारणं त्यांच्या अणूंमधे शोधायची.

या कामाचं नाव मात्र भारी अवघड आहे. संघनित पदार्थांचं सैद्धांतिक भौतिकशास्त्र! संघनित म्हणजे अणूंची दाटीवाटी झालेले पदार्थ. दगड, माती, लोखंड, पाणी, सगळे त्यात आले. सैद्धांतिक म्हणजे माझ्याकडे प्रयोगशाळा नाही, चंचुपात्र नाही, भट्टी नाही. कागद, पेन्सिल आणि संगणक एवढीच हत्यारं. मी आत्याला सांगितलं, की मी पदार्थविज्ञानात डॉक्टर होणार आहे. ती म्हणाली, "मग एखादा पदार्थ करून दाखव की!" आणि डॉक्टर म्हटल्यावर गावातल्या दोघा-तिघांनी मला गुडघेदुखीवर गोळी विचारली, ती गोष्ट वेगळीच.

माय मात्र सरळ विचारायची, "तू दिसभर करतोस तरी काय रे?"

"गणितं करतो."

"आन् ती झाल्यावर?"

"पुढची गणितं करतो."

यावर ती काही बोलायची नाही. पण तिला ते पटलेलं नाही हे कळायचं. गावातला एकजण मास्तर झाला होता, एक पोलिसात लागला होता, एक एस.टी.त. त्यांची कामं सगळ्यांना दिसायची.

तर आधी तुम्हालाच सांगतो, की हे गणित आहे तरी कसलं. तुमच्या पेन्सिलीतलं शिसं म्हणजे ग्रॅफाइट. ते कार्बनचं. अंगठीतला हिरा, तोही कार्बनचाच. अणू तेच, पण हिऱ्यात प्रत्येक अणू चार शेजाऱ्यांना धरून बसतो आणि ग्रॅफाइटमधे तिघांना. त्यामुळे ग्रॅफाइटचे पापुद्रे होतात. पेन्सिल कागदावर ओढली की ते सुटून येतात, म्हणून अक्षर उमटतं. अणूंना असं धरून ठेवतात ते त्यांच्यातले इलेक्ट्रॉन. म्हणजे इलेक्ट्रॉन कसे वागतात याचं गणित जमलं, की पदार्थ कठीण की मऊ, काळा की पारदर्शक, हे न बघताच सांगता येईल.

आणि या गणिताचा नियम १९२६ पासून माहीत आहे! श्रोडिंजर नावाच्या शास्त्रज्ञाने तो मांडला. मग अडलं कुठे?

लोखंडाचा एक अणू घ्या. फक्त एक. त्यात २६ इलेक्ट्रॉन असतात. एक इलेक्ट्रॉन कुठे आहे हे सांगायला तीन आकडे लागतात: डावी-उजवीकडे किती, पुढे-मागे किती, वर-खाली किती. २६ त्रिक ७८ आकडे झाले. आता प्रत्येक आकड्यासाठी आपण फक्त दहा जागा धरल्या, तरी गणिताचं उत्तर लिहायला एकावर ७८ शून्यं इतके रकाने लागतील. आपल्या अख्ख्या पृथ्वीत जेवढे अणू आहेत ना, ते एकावर ५० शून्यांच्या आसपास भरतात. म्हणजे पृथ्वीचा कागद केला तरी एका अणूचं उत्तर त्यावर मावणार नाही. आणि लोखंडाच्या एका खिळ्यात असे अणू किती, ते विचारूच नका.

यातून वाट कशी निघाली? त्यासाठी जरा आपल्या आठवडी बाजारात चला. बाजारात आलेलं प्रत्येक माणूस कुठून आलं, कुणाला टाळून कुठे वळलं, हा हिशेब कुणाच्याही बापाला ठेवता येणार नाही. पण समजा, तुम्ही एखाद्या माळवदावर चढलात आणि खाली पाहिलंत. माणसं ओळखू येत नाहीत. फक्त गर्दी कुठे दाट आणि कुठे विरळ एवढं दिसतं. तेवढ्यावरून भज्यांचा गाडा कुठे, बांगड्यांचं दुकान कुठे, मोकळी जागा कुठे, हे सांगता येईल की नाही? येईल! वॉल्टर कोन आणि पिएर होएनबर्ग या दोघांनी १९६४ मध्ये इलेक्ट्रॉनांबाबत नेमकं हेच सिद्ध केलं. इलेक्ट्रॉनांची गर्दी कुठे किती दाट आहे एवढं कळलं, की बाकी सगळं त्यातून ठरतं. एकेकाच्या मागे धावायचं कारण नाही. पुढच्याच वर्षी, १९६५ मध्ये, कोन आणि लू शॅम यांनी ते प्रत्यक्ष गणितात कसं वापरायचं तेही दाखवलं. गर्दीचा नकाशा काढायला तीनच आकडे पुरतात. तीन आकड्यांच्या दहा-दहा जागा म्हणजे हजार रकाने. कुठे एकावर ७८ शून्यं आणि कुठे एकावर तीन! अर्थात यातला एक छोटा तुकडा अजूनही अंदाजाने भरावा लागतो. त्या अंदाजावरून आम्हा लोकांची भांडणंही होतात.

हे वॉल्टर कोन कोण, तेही ऐकून ठेवा. जन्म १९२३, गाव व्हिएन्ना, धर्माने ज्यू. हिटलरच्या काळात, १९३९ मध्ये, मुलांना वाचवण्यासाठी इंग्लंडला पाठवत होते, त्यात सोळा वर्षांचे कोन निघाले. आईवडील मागे राहिले आणि पुढे आउश्वित्झच्या छळछावणीत मारले गेले. इंग्लंडने या मुलालाही शत्रूच्या देशातला म्हणून पकडलं आणि कॅनडातल्या छावणीत धाडलं. तिथे तो लाकूडतोड करायचा. दिवसाला २० सेंट मजुरी मिळायची. त्या पैशांतून त्याने दोन पुस्तकं विकत घेतली, एक गणिताचं आणि एक रसायनातल्या भौतिकशास्त्राचं. मला ही गोष्ट कळली ती १९९८ च्या ऑक्टोबरनंतर, कोन यांना नोबेल मिळालं तेव्हा. (गंमत म्हणजे भौतिकशास्त्राच्या माणसाला ते रसायनशास्त्राचं मिळालं!) आमच्या भागातली हजारो माणसं दरवर्षी कोयता घेऊन ऊसतोडीला जातात. त्यामुळे लाकूड तोडून पुस्तकं घेणारा शास्त्रज्ञ मला एकदम ओळखीचा वाटला.

त्याच वर्षी मी पुण्याला आलो होतो. बीडला बी.एस्सी., मग तेव्हाच्या औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला एम.एस्सी., आणि मग पीएच.डी.साठी पुणं. पुणं तेव्हा संगणकांचं गाव होऊ लागलं होतं. अमेरिकेने महासंगणक द्यायला आढेवेढे घेतले, म्हणून आपल्या सरकारने १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक ही संस्था काढली, आणि विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली तिथे १९९१ मध्ये 'परम ८०००' तयार झाला. माझ्या वाट्याला मात्र परम आला नाही. मला मिळाला एक साधा संगणक, ज्याचा पंखा पिठाच्या गिरणीसारखा आवाज करायचा. एकेक गणित चार-चार दिवस चालायचं. तिसऱ्या दिवशी वीज गेली की पुन्हा पहिल्यापासून. रडू यायचं हो!

माझा विषय होता पापुद्र्यांचाच. ग्रॅफाइटच्या पापुद्र्यांमधे दुसऱ्या धातूचे अणू घुसवले, तर ते आत कोणत्या मांडणीत बसतील? तुमच्या घरातल्या मोबाइलच्या बॅटरीत हेच चाललेलं असतं. चार्जिंगला लावला की लिथियमचे अणू ग्रॅफाइटच्या पापुद्र्यांमधे शिरतात. पूर्ण भरलं की सहा कार्बनमागे एक लिथियम बसतो, आणि ग्रॅफाइट जाडीला साधारण दहावा हिस्सा फुगतं. पावसाळ्यातल्या आमच्या रानासारखंच! अशी बॅटरी १९९१ मध्ये बाजारात आली, आणि ती घडवणाऱ्या तिघांना २०१९ मध्ये नोबेल मिळालं. १९९८ मध्ये मात्र मी स्वतः मोबाइल हातातही धरला नव्हता.

आता जी गोष्ट सांगायची आहे ती माझ्या फजितीची आहे.

२००१ साल. माझ्या गणितातून एक नवी मांडणी निघाली. पाणी जसं खोलगट जागी जाऊन थांबतं, तसे अणू सगळ्यात कमी ऊर्जेच्या मांडणीत जाऊन बसतात. माझ्या नव्या मांडणीची ऊर्जा जुन्या, सगळ्यांना माहीत असलेल्या मांडणीपेक्षा चांगली खाली येत होती. म्हणजे आजवर सगळे चुकले होते आणि मी बरोबर होतो! माझे मार्गदर्शक सर खूष झाले. डिसेंबरातल्या परिषदेसाठी सारांश लिहून पाठवला. मी एस.टी.त बसून दिवाळीला गावी गेलो ते हवेतच.

घरी कापसाची वेचणी चालू होती. संध्याकाळी अण्णा अंगणात ताणकाट्यावर बायांनी वेचलेला कापूस मोजत होते आणि मी शेजारी बसून वहीत आकडे मांडत होतो. मोठ्या तोऱ्यात मी त्यांना माझा शोध सांगितला. एक मांडणी अशी, दुसरी अशी, दोन्हींचं वजन केल्यासारखं करायचं, आणि माझी हलकी भरली. अण्णा चौथीपर्यंत शिकलेले. त्यांनी गाठोडं काट्यावरून उतरवलं आणि विचारलं,

"दोन्ही एकाच काट्यावर मोजलंस का?"

मी हसलो. म्हटलं, "अण्णा, तिथे काटा नसतो. संगणक असतो."

"असंल," ते म्हणाले. "पण घरचा काटा आन् केंद्रावरचा काटा कधीच जुळत नाही बघ."

विषय तिथेच संपला. जेवणं झाली. परतीच्या गाडीत मात्र, गेवराई सोडलं आणि मला ते वाक्य आठवलं. अंगावर काटाच आला. संगणकाला आम्ही इलेक्ट्रॉनांचं गणित लाटांच्या बेरजेने करायला सांगतो. लाटा किती घ्यायच्या हे आपण ठरवायचं. जितक्या जास्त लाटा, तितकं गणित बारीक आणि तितकी ऊर्जा खाली दिसते. म्हणून तुलना करायची तर दोन्ही गणितांत लाटांची मर्यादा एकच हवी. जुन्या मांडणीचं गणित मी वर्षभरापूर्वी केलं होतं. नव्याचं तीन महिन्यांपूर्वी. तेव्हा मर्यादा तीच ठेवली होती का?

पुण्यात उतरलो तो खोलीवर न जाता तडक विभागात गेलो. जुनी फाइल उघडली. तिच्यात २० आकडा होता, आणि नवीत ३०. दोन वेगळे काटे!

चार दिवस पंखा घरघरत राहिला. दोन्ही गणितं ३० वर केली. माझी मांडणी वर गेली, जुनीच खाली राहिली. शोध संपला.

खरं सांगतो, मी दोन दिवस कुणाला काही बोललो नाही. मनात यायचं, कुणाला कळणार आहे? शिष्यवृत्तीचं दीडच वर्ष उरलं होतं. तिच्यातूनच दर महिन्याला घरी पैसे जायचे, धाकट्या भावाचं कॉलेज त्यावर चालायचं. हा निकाल गेला तर प्रबंधाचा अर्धा भाग गेला. आणि असं उलट-सुलट गणित तपासून बघायला कोण बसलंय? हे सगळं मी स्वतःला समजावून सांगितलं, अगदी व्यवस्थित. तिसऱ्या दिवशी सरांच्या खोलीत गेलो आणि दोन्ही फाइलींचे कागद टेबलावर ठेवले. सरांनी बराच वेळ ते पाहिले. ओरडले नाहीत. "तुला कसं सुचलं हे तपासायचं?" एवढंच विचारलं. मी कापसाचं सांगितलं. ते म्हणाले, "उद्यापासून सगळं पुन्हा. एका काट्यावर."

डिसेंबरात परिषदेला गेलो. भिंतीवर माझा तक्ता लावला. त्यावर लिहिलं होतं, की सारांशात दिलेला निष्कर्ष चुकीचा आहे आणि का चुकीचा आहे. अशा तक्त्यापाशी कोण थांबणार? दिवसभरात एकच गृहस्थ थांबले. त्यांनी चूक नेमकी कुठे झाली ते विचारलं, खिशातून डायरी काढून टिपून घेतलं आणि निघून गेले. ते कोण होते ते मला अजून माहीत नाही.

प्रबंध लांबला. शिष्यवृत्ती संपली, पुढे मी शिकवण्या घेऊन राहिलो. धाकट्याने एक वर्ष कॉलेज सोडलं आणि टोळीबरोबर ऊसतोडीला गेला. नंतर त्याने बी.ए. पूर्ण केलं, आता तो शेती बघतो आणि चांगली बघतो. पण ते एक वर्ष माझ्या नावे लागलेलं आहे. तो कधी बोलून दाखवत नाही.

त्या दिवसांत कामावरचं मन उडालं होतं. ते परत बसलं ते एका धातूमुळे. गॅलियम त्याचं नाव. हा धातू ३० अंशांच्या आतच वितळतो. तळहातावर ठेवला तर पाणी होतो. आमच्या चकलांब्यात मे महिन्यात तो वाटीत ठेवला तर दुपारी आमटीसारखा वाहील! आता साधारण नियम असा, की धातूचा कण जितका लहान, तितका तो लवकर वितळतो. म्हणजे गॅलियमचे थोडेसे अणू घेतले तर ते थंडीतही पातळ राहायला हवेत. पण २००३ मध्ये अमेरिकेतल्या मार्टिन जेरल्ड यांच्या गटाने प्रयोग केला आणि सगळे चक्रावले. ३९ आणि ४० अणूंचे पुंजके वितळले ते २७७ अंशांच्या आसपास. आणि १७ अणूंचा पुंजका तर जवळजवळ ४५० अंशांपर्यंत तापवला तरी वितळल्याची खूण दिसेना!

असं का? याचं उत्तर शोधणाऱ्यांमधे आपल्या पुणे विद्यापीठाचा गट होता. दिलीप कान्हेरे, कविता जोशी, चाको आणि फ्रान्समधले ब्लंडेल या चौघांनी संगणकात १३ आणि १७ अणूंचे पुंजके 'तापवले' आणि अणू कसे हलतात ते क्षणाक्षणाला पाहिलं. क्षण म्हणजे कसला, तर एका सेकंदाचे लाख कोटी भाग करा आणि त्यातल्या एका भागाचेही आणखी तुकडे करा! त्यांचा लेख २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. धातूच्या मोठ्या तुकड्यात इलेक्ट्रॉन बरेचसे सामाईक असतात. छोट्या पुंजक्यात मात्र गॅलियमचे अणू एकमेकांशी थेट, घट्ट हातमिळवणी करतात. म्हणून त्यांना विलग करायला जास्त उष्णता लागते. त्यांच्या गणिताप्रमाणे १७ अणूंचा पुंजका ३७७ अंशांच्या सुमाराला वितळायला हवा. प्रयोगात तर तो त्याच्या पुढेही वितळताना दिसला नव्हता. आकडे तंतोतंत जुळले नाहीत, आणि त्यांनी ते जुळवून दाखवलेही नाहीत.

मी त्या गटात नव्हतो. पण तो लेख मी तीनदा वाचला. चार इंच कागदावर छापलेल्या एका आलेखामागे किती महिने संगणक घरघरला असेल, हे मला ठाऊक होतं. प्रत्येक आकडा कोणत्या काट्यावर मोजला तेही त्यात लिहिलं होतं. त्याच आठवड्यात मी प्रबंधाचं शेवटचं प्रकरण लिहायला घेतलं.

आईबाबांनी हा लेख वाचला तर ते विचारतील, यात पोट भरतं का? भरतं. पण उशिरा. बी.एस्सी., एम.एस्सी., मग पाच-सहा वर्षं पीएच.डी. आणि पुढे आणखी दोन-तीन वर्षं कुठेतरी परगावी किंवा परदेशी. बरोबरीच्या मित्रांची घरं बांधून होतात तेव्हा आपण अजून भाड्याच्या खोलीत असतो. हे आधीच सांगितलेलं बरं. आता वाटा मात्र वाढल्या आहेत. बारावीनंतर थेट प्रवेश देणारी आयसर ही संस्था पुण्यात २००६ पासून आहे, आणि तिथे 'परम ब्रह्म' नावाचा महासंगणकही आहे. माझी चार दिवसांची गणितं तो चहा होईपर्यंत करून टाकेल. चुकीचा काटा दिला तर चुकीचं उत्तरही तितक्याच झटपट देईल म्हणा!

मी आता एका विद्यापीठात शिकवतो आणि पापुद्र्यांची गणितं अजून करतो. गेल्या उन्हाळ्यात गावी गेलो होतो. मायने कपाटातून जुना मोबाइल काढून दाखवला. त्याची बॅटरी फुगून झाकण वर आलं होतं.

"बघ," ती म्हणाली, "पावसाळ्यातल्या भुईवानी फुगलंय. तू सांगत असतोस तेच ना हे?"

मला हसूही आलं आणि कौतुकही वाटलं. पण ते तसं नव्हतं. अशी टम्म फुगलेली बॅटरी म्हणजे आत बिघाड होऊन वायू साठलेला असतो. ती टोचू नये, दाबू नये, चार्जिंगला तर मुळीच लावू नये. (तुम्हीही लक्षात ठेवा!) मी तिला ते समजावून सांगितलं. तिने मान हलवली आणि विचारलं, "मग आपल्या मातीत काय शिरतं?"

मग मी तिला करूनच दाखवलं. तुम्हीही करून बघा. दोन सारखे काचेचे पेले घ्या. एकात काळ्या मातीची वाळवलेली भुकटी दोन बोटं भरा, दुसऱ्यात वाळू दोन बोटं. पेल्यावर पेनाने खूण करा. दोन्हींत काठोकाठ पाणी ओता, ढवळा आणि रात्रभर हलवू नका. सकाळी पाहा, वाळू खुणेशीच बसलेली असेल आणि माती खुणेच्या वर आलेली. माती आपापल्या गावची घ्या आणि किती वर आली ते पट्टीने मोजून वहीत लिहा. पट्टी दोन्हींना एकच वापरा.

माय सकाळी उठल्याबरोबर पेल्यांपाशी गेली. मातीच्या पेल्याला डोळे लावून तिने बराच वेळ पाहिलं.

"आन् तुझी गोटी?" ती म्हणाली.

ती त्या भेगेत अजून आहे. भाऊ दरवर्षी तिथे नांगर धरतो. अजून तरी लागलेली नाही.